गेममधलं गाव

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल भाऊबीज. लेकीच्या ताटात चार भावांनी मिळून बाराशे रुपये घातले. आज सकाळी तिच्या पाकिटात चारशे. "बाकीचे?" "ठेवलेत." "कुठं?" "अगं, आहेत ना." चौथ्या प्रश्नाला डोळ्यांत पाणी. मग खरं बाहेर आलं. मावसभावाला आठशे रोख दिले, त्यानं त्याच्या यूपीआयवरून रिडीम कोड घेऊन दिला, कोडचे झाले हिरे आणि हिऱ्यांची झाली बेकरी.

बेकरी म्हणजे फोनमधल्या गावातली. तिथं गाव वसवायचं, पिकं काढायची, कारखाने टाकायचे. ही बेकरी बांधायला सोळा तास लागतात. हिरे दिले की लगेच उभी राहते. हिला रात्रीच हवी होती, कारण कसल्याशा स्पर्धेची मुदत बाराला संपत होती.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात कॉस्टिंग बघते. सूत किती, रंगाई किती, विणाई, शिलाई, पॅकिंग, वाया गेलेला माल किती, सगळं डझनामागं पैशापर्यंत. सवयीनं बेकरीचंही कॉस्टिंग मांडायला बसले. कच्चा माल शून्य. मजुरी शून्य. वाहतूक शून्य. मग आठशे घेतले कशाचे? सोळा तास थांबावं लागू नये याचे. आणि ते सोळा तास घातले कुणी? त्यांनीच.

असा धंदा आमच्या शेठना सुचला नाही अजून.

२५ ऑक्टोबर, शनिवार

घरात पंचायत बसली. हे म्हणाले, फोन काढून घे, विषय संपला. दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, सरकारनं ऑगस्टातच सगळे गेम बंद केलेत की!" तसं नाही. ऑगस्टात जो कायदा झाला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध आहे. रमी असो नाहीतर क्रिकेटच्या टीमा लावणं, कौशल्याचा म्हणा की नशिबाचा म्हणा, पैसे लावायचे असतील तर बंदी. आमच्या बेकरीत जिंकायला काही नाहीच. नुसतं घालायचं. त्यामुळं ती या कायद्याच्या तावडीत येत नाही, आणि नेमकं हेच आईबापांच्या लक्षात येत नाही.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर "गेम म्हणजे व्यसन" याच्या पुढं कुणी जातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकार आहे, हे खरं. पण त्यात लिहिलंय काय? खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळं खेळामागं पडलेलं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच. आणि हे सगळं साधारण वर्षभर. माझी पोरगी दोन वेळा जेवते, मैत्रिणींशी भांडते, बीजगणितात ब्याऐंशी आणते. तिला आजारी ठरवून मोकळं व्हायचं मला नाही.

रात्री ती माझ्याशेजारी येऊन बसली. "आई, मारामारीचा नाही गं तो. मॅनेजमेंटचा आहे. तू पण मॅनेजमेंटच करतेस ना?"

हा शब्द मोठा बेरकी. मॅनेजमेंट म्हटलं की आपण आईबाप विरघळतो. पोरगी फोनवर नाही, जणू पुण्याला एमबीएलाच बसलीय.

ठरवलं, तोच खेळ आपल्या फोनवर घ्यायचा आणि खेळायचा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस खेळले. नोंदी:

स्टोअरच्या पानावर नावाखालीच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जाहिराती आहेत, इन-ॲप खरेदी आहे. आणखी खाली गेलं तर एका वस्तूची किंमत कितीपासून कितीपर्यंत तेही छापलेलं असतं. वरचा आकडा बघून मी चष्मा पुसला. हे पान मी आजवर एकदाही खाली सरकवून पाहिलं नव्हतं. साडीचा दर बघितल्याशिवाय मी दुकानाची पायरी चढत नाही.

पहिला दिवस झकास. दाबेल ते उगवतं, हात लावेल ते मिळतं. दुसऱ्या दिवशी दोन तासांची वाट. तिसऱ्या दिवशी नऊ तासांची. आज दुपारी आमच्या मीटिंगमध्ये अमेरिकेच्या ऑर्डरींचा विषय चालला होता. २७ ऑगस्टपासून पन्नास टक्के शुल्क बसल्यापासून तिकडचे खरेदीदार "जरा थांबा" एवढंच म्हणताहेत, आणि शेड्यूल कसं लावायचं हे कुणालाच सांगता येत नाहीये. तेवढ्यात माझा फोन थरथरला. तुमच्या कोंबड्या उपाशी आहेत.

शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी फोन उलटा ठेवला.

दोन गोष्टी कळल्या. एक, हा खेळ थांबवता येत नाही. फोन बंद केला तरी तिकडं वेळ चालूच असतो, आणि आपण नसताना काय काय राहून गेलं ते सांगायला तो पुन्हा हाका मारतो. दुसरी, यात हरता येत नाही. चुकीचं काही करताच येत नाही. गहू पेरला, पीठ झालं, पाव झाला, विकला. डोकं कुठं लावायचं? लावायचा तो धीर, नाहीतर पैसे. गिरणीच्या भोंग्यावर माणसं धावायची, तशी माझी लेक कोंबड्यांच्या भोंग्यावर धावतेय.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लेकीला माझा हिशेब दाखवला. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग चांगला कुठला?" रास्त प्रश्न. नुसतं नको म्हणून भागत नाही, दुसरं काय ते सांगावं लागतं.

भाच्याला विचारलं. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यानं चार नावं दिली. त्यातलं 'सिटीज: स्कायलाइन्स' निवडलं. फिनलंडच्या टॅम्पेरे गावातल्या डझनभर माणसांच्या कंपनीनं केलेला, २०१५ सालचा. लॅपटॉपवर चालतो, एकदाच विकत घ्यायचा. भाचा म्हणाला, "मावशी, पेन ड्राइव्हवर देतो की, फुकट." आणि स्वतःच हसून एक गोष्ट सांगितली. 'गेम डेव्ह टायकून' नावाचा खेळ आहे, त्यात गेम बनवणारी कंपनी चालवायची. २०१३ मध्ये तो विकायला काढताना बनवणाऱ्यांनी स्वतःच त्याची एक चोरटी प्रत इंटरनेटवर सोडली. फुकट्यांची कंपनी त्या प्रतीत हमखास बुडायची, कारण तिचे गेम लोक चोरून खेळायचे. मग हेच फुकटे तक्रार करत होते की चोरीमुळं आमचा धंदा बसला, उपाय सांगा. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांतले ९३ टक्क्यांहून जास्त चोरट्या प्रतीवर होते म्हणे.

विकत घेतला. ज्या दुकानातून घेतला तिथं तेरा वर्षांखालच्यांना खातं काढता येत नाही; ही चौदाची, नववीत. तरी पैशाची चावी माझ्याकडं ठेवली. पानावर खाली जादा भागांची ही लांबलचक रांग. सगळे घेतले तर मूळ खेळाच्या कितीतरी पट बिल होईल. सांगून टाकलं, दहा हजार वस्तीचं गाव नीट चालवून दाखव, मग बोलू.

खेळावर युरोपचा शिक्का आहे, तीन वर्षांवरील सर्वांसाठी. सिनेमाला आपल्याकडं सेन्सॉर बोर्ड आहे, व्हिडिओ गेमला तसं आपलं मंडळ नाही, म्हणून हे परदेशी शिक्केच बघायचे. पण तो शिक्का सांगतो एवढंच की यात रक्तपात नाही, शिवीगाळ नाही. तीन वर्षांच्या पोराला हा खेळ कळेल असं नव्हे. मला बेचाळिसाव्या वर्षी गटाराची पाइप जोडायला अर्धा तास लागला.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज तिनं गाव वसवलं. सुरुवातीला हातात सत्तर हजार. रस्ता काढायचा, त्याच्या कडेनं रंग मारायचा: हिरवा म्हणजे घरं, निळा दुकानं, पिवळा कारखाने. माणसं आपोआप येतात राहायला. मग वीज, पाणी, सांडपाणी.

अर्ध्या तासात घरांवर चिन्हं लुकलुकायला लागली. माणसं आजारी. हिनं दवाखाना बांधला. पैसे संपत आले. आजारी वाढलेच. दुसरा दवाखाना बांधायला निघाली. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. (सगळ्यात अवघड काम हेच आहे, बाजूला बसून गप्प राहणं.) तिनं खेळ थांबवला. स्पेसचं बटण दाबलं की गाव जागच्या जागी गोठतं, गाड्या रस्त्यात उभ्या, धूर चिमणीवर तसाच. मग ती दहा मिनिटं नुसती बघत बसली. इकडून तिकडून नकाशा फिरवला. नदीवर बाण असतात, पाणी कुठून कुठं वाहतं ते दाखवणारे.

"आई! गटार वर सोडलंय मी. पाण्याचा पंप खाली आहे."

आणि मग, माझ्याकडं वळून, "म्हणजे आपल्यासारखंच की. पुणं वर. आपण खाली."

मी हे तिला कधी शिकवलं नव्हतं. भूगोलाच्या पुस्तकात असेल कुठंतरी, पण असं नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमा उजनीत. उजनी ११७ टीएमसीचं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात आपण "उजनी मायनसमध्ये गेलं" म्हणतो ते या मृतसाठ्यातलं. तिथून शंभरेक किलोमीटर पाइपनं पाणी सोलापुरात येतं, आणि मग चार-पाच दिवसांआड आमच्या नळाला. औज बंधारा, टाकळी, हिप्परगा, शहराला पाणी कुठून कुठून येतं ते सगळं मी तिला आज सांगितलं. ती ऐकत होती. एरवी पाणी आलं म्हटलं की हिला बादल्या भरायला उठवावं लागतं.

पंप वर नेला. गावातली माणसं बरी व्हायला गावच्या वेळेनं पाच-सहा महिने लागले; आमच्या घड्याळात चहा होईपर्यंत.

२ नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी एकादशी. सासूबाईंचा उपास. भगर खात खात लॅपटॉपसमोर येऊन बसल्या. "काय करलालीस गं?" नातीनं दाखवलं, हे कारखाने, ही घरं, ही माणसं कामाला निघालीत.

"आन् भोंगा?"

"कसला भोंगा, आजी?"

सासरे लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या साचाखात्यात होते. या घरात दिवस भोंग्यावर उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, त्यानंतर सासरे कित्येक दिवस तरीही त्याच वेळेला उठून डबा मागायचे. सासूबाईंनी हे आज नातीला सांगितलं, मला आजवर सांगितलं नव्हतं.

नात म्हणाली, "आजी, गेममधला कारखाना बंद पडला की माणसं दुसऱ्या कारखान्यात जातात."

"आपोआप?"

"हो."

"बरं हाय," म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

हिशेबात एक सांगायचं राहिलं. थांबवता येणारा खेळही वेळ खातोच. रविवारी ती साडेचार तास बसली, भूमितीची प्रमेयं तशीच. "ही बस स्टँडवर पोचू दे" म्हणत अर्धा तास. आणि परवा सगळे झोपल्यावर मी स्वतः चौकातली गाड्यांची रांग सोडवायला बसले ती दीड वाजता उठले. पॉजचं बटण असतं, दाबायला माणूस लागतं.

ठरवलं: शनिवार-रविवार, दोन-दोन तास, लॅपटॉप बाहेरच्या खोलीत. अलार्म तिनंच लावायचा. फोनमधलं गाव तिनं आज स्वतः काढून टाकलं. कोंबड्यांचं काय झालं असेल, असं मलाच क्षणभर वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

गाव दिवाळखोरीत. तिनं शाळा, बाग, अग्निशमन सगळं एकदम बांधलं होतं, लोकांना खूश करायला. खर्च जमेच्या वर. मग कर नऊ टक्क्यांवरून तेरावर नेला. लोक घरं सोडून चालले, जमा आणखी घटली. डोक्याला हात लावून बसली. इथं मला राहवलं नाही. वहीवर दोन रकाने पाडून दिले, दरमहा येणार किती, जाणार किती. दर वेळी बांधकामाचा खर्च बघतेस, चालवायचा कोण बघणार? आमच्याकडं नवा साचा घेताना शेठ हीच चूक करतात, हे तिला सांगितलं नाही.

अजून एक विचित्र गोष्ट या खेळात आहे. एकाच वेळी हजारो घरं वसवली की ती माणसं बरोबरच म्हातारी होतात आणि मग एकदम मरायला लागतात. शववाहिन्या पुरत नाहीत. तिच्या गावात आज तेच झालं. ती हसत नव्हती. कोरोनात ती दहा वर्षांची होती, तिला आठवतं. खेळ थांबवून तिनं आधी स्मशानभूमी वाढवली. लहान मुलाच्या घरात हा खेळ आणताना एवढं माहीत असलेलं बरं.

पण हे मॅनेजमेंट आहे का? बुलडोझरचं बटण दाबलं की इमारत गेली, थोडी धूळ, संपलं. इथं सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून किती वर्षं वाद, कोर्ट, मोर्चे. १५ जून २०२३ ला ती पडली आणि विमान उडायला २०२५ चा जून उजाडला. गेममध्ये कुणी मोर्चा काढत नाही. कुणाची जमीन जात नाही. निवडणूक नाही. मजूर उचल मागत नाही, सीना नदीला सप्टेंबरात आला तसा पूर साध्या खेळात येत नाही, आणि एका सकाळी परदेशातून कुणी पन्नास टक्के शुल्क लावत नाही. फसलं तर जुनं सेव्ह उघडायचं.

लेकीला म्हटलं, यातले नियम कुणीतरी बसून ठरवलेत, ते निसर्गाचे नव्हेत. तिला व्यापारचा पट आठवून दिला. तो ज्या मोनोपोलीवरून आला, तिच्या मुळाशी एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईचा खेळ आहे, १९०४ चं पेटंट. जमीनदार भाडं घेऊन घेऊन बाकीच्यांना कसं भिकेला लावतो हे लोकांना कळावं म्हणून तिनं तो केला. आपण काय शिकलो त्यातून? भिकेला लावायला. १९८९ ची विल राइटची सिम सिटी, म्हणजे या सगळ्या शहर-खेळांची आजी, तिच्यामागं जे फॉरेस्टर या प्राध्यापकाचं शहरांबद्दलचं गणित होतं, आणि गणितात त्यांची मतं होती.

"म्हणजे कर वाढवला की लोक जातात, हे खोटं?" तिनं विचारलं.

"सोलापुरातून लोक कशामुळं जातात?"

तिनं विचार केला. "नोकरीमुळं. पाण्यामुळं." मग म्हणाली, "कराचं कुणी बोलत नाही."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेपरात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम आलेत, २०२३ च्या कायद्याखालचे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची खातरजमा केलेली परवानगी लागेल. पूर्ण अंमल व्हायला अजून दीड वर्ष. तोवर आपलं आपणच बघायचं. लेकीचा खेळ एकटीनं खेळायचा आहे, अनोळखी कुणी बोलायला येत नाही. निवडताना हे मी सुरुवातीला पाहिलंच नव्हतं, भाच्यानं पाहिलं होतं. फोनच्या गावात मात्र तिचा एक "संघ" होता, त्यात तीस जण, त्यातला एकही माहितीचा नाही. हे मला तीन आठवड्यांनी, आज कळतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या जावेचा फोन. तिचा मुलगा पाचवीत, दहा वर्षांचा, त्यालाही ताईसारखा गावाचा गेम हवाय. "ताई, घेऊ का?"

मी म्हटलं, आत्ता नको. त्याला हरलं की लॅपटॉप आपटायची सवय आहे आणि भागाकारात रडतो. हा खेळ पहिले दोन दिवस नुसता हरवतो. तिकडं तो फोनवरचा फुकटचा घेऊन बसेल, तो तर मुळीच नको. दोन-तीन वर्षांनी बघू. तोवर व्यापारचा पट काढ, बँक त्याला सांभाळू दे.

"आणि मग घेताना काय बघायचं?"

थांबवता येतो का. एकदाच पैसे घेतो की घेतच राहतो. आपण नसताना हाका मारतो का. आत कोण बोलायला येतं. आणि पोरगं हरल्यावर का हरलं ते त्याला सांगता येतं का. येत असेल तर खेळू दे. पण आधी तीन दिवस तू खेळ.

"मी? मला कुठं जमतंय ताई ते!"

जमतं. गटाराची पाइप तेवढी नदीच्या खालच्या अंगाला सोड.